हक्काच्या मताला कुणी विचारत नाही

प्रश्न एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: १९८० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी पहिलं मत दिलं आणि तेव्हापासून एकाच पक्षाला देत आल्या. सासऱ्यांपासून घरात तोच पक्ष. मधे पक्ष हरला, आमदार बदनाम झाले, तरी बोट दुसरीकडे गेलं नाही. आता मात्र ज्या माणसाविरुद्ध वीस वर्षं मत दिलं, त्यालाच पक्षाने तिकीट दिलं. गेल्या वेळी यंत्रासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की अधिकाऱ्याने 'बाई, झालं का?' म्हणून विचारलं. सवयीने नेहमीचं बटण दाबलं, घरी आल्या आणि त्या दुपारी जेवल्या नाहीत. त्यांचे तीन प्रश्न आहेत. इतकी वर्षं माझं चुकलं का? पक्षाला जाब विचारायची काही कायदेशीर सोय आहे का? आणि यापुढे घरी बसू, नोटा ('यांपैकी कुणीही नाही') दाबू, की दुसऱ्याला देऊ?

बाई, आधी माझी ओळख देतो. मी सत्तावीस वर्षं बूथवर काम केलं. सुरुवात पोलिंग एजंट म्हणून, मग बूथप्रमुख, पुढे तालुक्याच्या मतदार याद्या माझ्याकडे आल्या. मतमोजणीच्या दिवशी जाळीला नाक लावून आकडे उतरवणाऱ्यांत मी कायम असायचो. गाव सांगली जिल्ह्यातलं. पक्षाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, मीही माझ्या पक्षाचं सांगत नाही. पुढचं सगळं कुठल्याही पक्षाला लागू पडतं. तुम्ही शिक्षिका, म्हणजे इलेक्शन ड्युटी काही चुकलेली नसणार. शाईच्या बाटलीपलीकडे तुमच्यासारख्या बाई आणि समोरच्या बाकावर डबा घेऊन बसलेले आम्ही एजंट, असा दिवस तुम्हीही काढला असेल. पण त्या बाकावरची माणसं दोन महिने आधीपासून काय करत असतात, ते त्या खोलीत बसून दिसत नाही. तिथूनच सुरू करतो, कारण तुमच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

प्रत्येक पक्षाकडे मतदार यादीची एक खासगी प्रत असते. यादी आयोगाचीच, खुणा आमच्या. यादीच्या एका भागात साधारण हजार-बाराशे नावं. आम्ही तिघं जण एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, तेलाच्या डब्यांवर बसून एकेक नाव वाचायचो. 'हे आपलं.' 'हे त्यांचं.' 'मयत.' 'पुण्याला असतो, गाडी पाठवली तर येईल.' 'लग्न होऊन गेली, नाव कुणी काढलं नाही.' आपल्यांना हिरवी रेघ, त्यांच्यांना तांबडी. ज्यांचं काही सांगता येत नाही त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पेन्सिल अशासाठी, की आठवड्याने ते खोडून रंग द्यायचा असतो. या लोकांना आम्ही कुंपणावरचे म्हणायचो.

आता प्रचाराचा जीव कुठे ओतला जातो? पेन्सिलीवर. उमेदवार चप्पल काढून ज्या उंबऱ्याच्या आत जातो तो प्रश्नचिन्हवाल्यांचा. समाजमंदिराचा पत्रा, तालमीची मॅट, गल्लीतली गटार, रखडलेलं नळाचं कनेक्शन, हे सगळं पेन्सिलीच्या खुणा जिथे दाट त्या गल्लीत आधी जातं. तांबड्या घराकडे कुणी फिरकत नाही. आणि हिरव्या घरी मतदानाच्या आदल्या संध्याकाळी एक पोरगं चिठ्ठ्या घेऊन येतं, 'काकू, उद्या लवकर या बरं का', म्हणतं आणि चहाला न थांबता पुढे जातं. तुमच्या घराला पंचेचाळीस वर्षं हिरवी रेघ होती. या मतांना आम्ही 'हक्काचं मतदान' म्हणायचो. ऐकायला मानाचं वाटतं. यात हक्क नेमका कुणाचा, हा विचार मी स्वतः फार उशिरा केला.

तो का केला, तेही सांगतो. एका विधानसभेला आमच्याकडे तिकिटासाठी एक जुना माणूस होता. पंचवीस वर्षं सतरंज्या उचललेला. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, वेळ दुपारी तीनपर्यंत. आम्ही अकरालाच हलगी लावून मिरवणुकीने तहसील कचेरीत गेलो. अर्ज भरलेला, अनामत भरलेली, फक्त एबी फॉर्म यायचा होता. एबी फॉर्म म्हणजे पक्षाचं ते पत्र, जे जोडल्याशिवाय चिन्ह मिळत नाही. फोन करावा तर 'निघालाय, रस्त्यात आहे'. पावणेतीनला एक पांढरी गाडी आवारात शिरली. तीतून आमच्या जिल्ह्याचे पदाधिकारी उतरले आणि त्यांच्यामागून उतरला तो माणूस, ज्याच्याविरुद्ध आम्ही चार निवडणुका लढलो होतो. आदल्या रात्रीच त्याचा पक्षप्रवेश झाला होता. फॉर्म त्याच्या हातात. आमचा माणूस कचेरीतल्या कडुलिंबाखाली फेटा मांडीवर ठेवून बसला. हलगीवाला विचारायला लागला, वाजवू का थांबू?

संध्याकाळी बैठक झाली. वरून आलेल्या निरीक्षकाने एकच वाक्य बोललं: 'आपलं मतदान कुठे जातंय?' आणि पक्षाने मान डोलावली. 'आपलं मतदान' म्हणजे तुम्ही, बाई. तुमच्यासारखी ती हिरवी रेघ गृहीत धरूनच त्या माणसाला आणलं होतं. तुमची मतं अधिक त्याची मतं, असं ते गणित. मी त्या निवडणुकीत कामही केलं, रात्री जागलो, चिठ्ठ्या वाटल्या. त्या कामाची आजही लाज वाटते. निकालानंतर याद्यांचे गठ्ठे कार्यालयात नेऊन ठेवले ते परत उचलले नाहीत.

आता तुमचा पहिला प्रश्न. चुकलं का? 'छे, तुमचं काय चुकलं!' असं गोड बोलून मी मोकळा होणार नाही. १९८० चं मत १९८० च्या परिस्थितीत दिलं होतं, समोर जे उमेदवार होते त्यांच्यातून. ते आजच्या मापाने मोजायचं कारण नाही. १९९५ चं तसंच, २००४ चं तसंच. पण मधे कुठेतरी तुम्ही तपासणं सोडलं, आणि ते बहुतेक सगळ्यांचं होतं. पक्ष आहे तसाच राहिला आणि आत्ताच बिघडला, असंही नाही. तुमच्या सासऱ्यांनी धरलेल्या पक्षाचं चिन्ह त्यांच्या हयातीतच बदललं असण्याची शक्यता मोठी आहे. काँग्रेसवाल्यांनी बैलजोडीवर शिक्का मारला, १९७१ ला गाय-वासरू शोधलं, १९८० ला पंजा. जनसंघाच्या घरांत पणती होती, मग जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आला, मग कमळ. रिपब्लिकन पक्षाच्या माणसाचे हाल तर विचारू नका. १९५७ साली स्थापन झालेला पक्ष, आणि पुढे त्याचे किती गट झाले ते त्या पक्षाच्या कार्यकर्त्यालाही एका दमात सांगता येणार नाही. १९९८ ला चौघे नेते एकत्र आले, महाराष्ट्रातून चौघेही लोकसभेवर निवडून गेले, आणि ती एकीही टिकली नाही. मतदार प्रत्येक वेळी मागून चालत राहिला. कारण खरं नातं पक्षाच्या घटनेशी किंवा जाहीरनाम्याशी नव्हतंच. ते वाड्यातल्या माणसांशी होतं, सासऱ्यांच्या शब्दाशी होतं, शिवजयंतीला किंवा आंबेडकर जयंतीला ज्यांच्यासोबत उभे राहायचो त्यांच्याशी होतं. म्हणून तर पक्षाने दगा दिल्यावर घरातलं माणूस गेल्यासारखं जेवण जात नाही. यात कमीपणा काही नाही. फक्त ते नातं एकतर्फी होतं, एवढं ओळखून घ्या.

दुसरा प्रश्न जाब विचारण्याचा. इथे माझ्याकडे चांगली बातमी नाही. मतदाराचा पक्षावर कायदेशीर हक्क जवळजवळ शून्य आहे. जाहीरनामा पाळला नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही. आमदार-खासदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय आपल्याकडे नाही. गावपातळीवर थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव ग्रामसभेपुढे न्यावा लागतो, तेवढाच काय तो अपवाद म्हणायचा. पक्षाची नोंदणी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली होते, पण एकदा नोंदलेल्या पक्षाने शब्द फिरवला म्हणून त्याची नोंदणी रद्द करायचा अधिकार निवडणूक आयोगालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

उरला पक्षांतरबंदी कायदा. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तिथून 'आयाराम गयाराम' आलं, आणि १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावं परिशिष्ट आलं. त्यात एक-तृतीयांश आमदार फुटले तर माफी होती. ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढली. दोन-तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट राहिली. लोकांना वाटतं हा कायदा मतदारासाठी आहे. त्याची सगळी भाषा मात्र आमदार, पक्ष आणि सभागृहाचा अध्यक्ष या तिघांपुरती आहे.

महाराष्ट्रात २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा काय झालं ते आठवा. कुणी विलीन झालं नाही. 'आम्हीच मूळ पक्ष' असा दावा आला, आणि प्रश्न पक्षांतराचा न राहता पक्ष कुणाचा, असा झाला. हे ठरवायचं माप जुनं आहे. १९६८ चा चिन्हांचा आदेश आणि १९७१ चा सादिक अली खटल्याचा निकाल, तोही काँग्रेसच्या फुटीतूनच आलेला: बहुमत कुणाकडे? १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. त्या आदेशातला एक हिशोब मला आजही खुपतो. आयोगाने नुसते ५५ पैकी ४० आमदार मोजले नाहीत. त्या ५५ विजयी आमदारांना २०१९ मध्ये पडलेली मतंही मोजली, आणि त्यातली सुमारे ७६ टक्के मतं या ४० जणांची, म्हणून त्या बाजूला धरली. निकाल बरोबर की चूक यात मी पडत नाही, दोन्ही बाजूंना माझे मित्र आहेत. पण विचार करा: २०१९ ला बटण दाबणाऱ्या त्या लाखो लोकांना २०२३ मध्ये कुणी विचारलं होतं का, की बाबा, तुझं मत आता कुठल्या पारड्यात टाकू? आमच्या किराणा दुकानाच्या खोलीतली हिरवी रेघ इतक्या वर जाऊन पोचलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढचं थोडक्यात. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांच्या निर्णयावर आणि प्रतोदाच्या (आमदारांना पक्षाचा आदेश बजावणाऱ्याच्या) मान्यतेवर ताशेरे ओढले, अपात्रतेचं अध्यक्षांकडे सोपवलं. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी कुठल्याच गटातल्या कुणालाही अपात्र ठरवलं नाही. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवारांच्या गटाकडे गेलं. आणि हे एकाच बाजूचं गाऱ्हाणं नाही. २०१९ ला भाजप १०५ आणि शिवसेना ५६ असा कौल युतीला देणारे लोकही होतेच. महिन्याभरात शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत सत्तेत बसली तेव्हा त्यांतल्या कित्येकांच्या घरी तुमच्यासारखंच ताट तसंच राहिलं होतं. त्याआधी २३ नोव्हेंबरच्या पहाटे वेगळाच शपथविधी झाला, त्या दिवशी राष्ट्रवादीचे कार्यकर्ते एकमेकांना फोन करून 'हे खरंय का?' विचारत होते.

तिसरा प्रश्न खरा कामाचा. घरी बसणं, नोटा, दुसऱ्याला मत. यातलं प्रत्येक पाऊल पक्षाच्या खोलीत कसं वाचलं जातं ते सांगतो, कारण निषेध ज्याच्यापर्यंत पोचवायचा त्याला तो वाचता आला पाहिजे.

घरी बसलात तर तो वाचलाच जात नाही. मतदान केंद्रापासून शंभर मीटरबाहेर (२०२५ पर्यंत दोनशे होते) एक टेबल, दोन खुर्च्या टाकून आमची पोरं बसलेली असतात. कोण येऊन गेलं त्याच्या खुणा होत असतात. दुपारी दोन-अडीचला न आलेल्या हिरव्या नावांची यादी निघते आणि फोन सुरू होतात. तुम्ही नाही आलात तर तुमच्या नावापुढे काय लिहिलं जातं? 'आजारी असतील.' 'लेकीकडे गेल्या वाटतं.' पंचेचाळीस वर्षांच्या मतदाराचा राग कुणाच्या डोक्यात येतच नाही. पुढच्या वेळी रेघ हिरवीच.

केंद्रात जाऊन, नोंदवहीत सही करून, मग मत न देता परत यायचीही सोय १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे. अधिकारी शेरा लिहितो, तुमची सही घेतो. तुम्ही ड्युटीवर असताना एखादा असा नग भेटलाही असेल. पण त्यात गुप्तता राहत नाही आणि तो शेरा पुढे कुणी उघडून पाहत नाही. सोडा ते.

नोटा. सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे बटण आलं. मोठे आकडे पडलेले आहेत. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर, २७,५०० मतं. आमच्या शेजारच्या पलूस-कडेगावलाही दुसऱ्या क्रमांकावर नोटाच. २०२२ च्या अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत १२,८०६. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली तिथे दोन लाख अठरा हजारांवर. या सगळ्या ठिकाणी पहिला आलेला निवांत निवडून गेला. विधानसभा-लोकसभेला नोटा कितीही पडली तरी निकाल बदलत नाही. महापालिका, नगरपालिकांचं वेगळं आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे तिथे नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे तिथे त्या बटणाला थोडे तरी दात आहेत. पक्षाच्या बैठकीत नोटाकडे बघतात ते एकाच वेळी: पराभवाचा फरक नोटाच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर. मग 'अरे, एवढी नोटा कुठून आली?' म्हणून कागद काढले जातात. जिंकलेल्या जागेवर नोटा मोजताना मी कुणाला पाहिलं नाही.

दुसऱ्याला मत दिलंत तर मात्र लगेच दिसतं. तुमचं मत गुप्त असतं, ते कुणालाच कळत नाही. पण बूथचं मत गुप्त नसतं. मोजणी यंत्रागणिक होते, म्हणजे केंद्रागणिक, आणि ते सगळे आकडे 'फॉर्म २०' म्हणून पुढे जाहीर होतात. निकालाच्या रात्री गुलाल उधळून झाला की नेता पहिली कुठली गोष्ट बघतो? कुठल्या बूथवर किती लीड होतं आणि किती आलं. ज्या बूथवर कायम तीनशेचं लीड, तिथे एकशेऐंशी दिसलं तर निवडून आलेला आमदारही दुसऱ्या दिवशी बूथप्रमुखाला बोलावून घेतो. मला एकदा पन्नास मतांच्या घसरगुंडीचा हिशोब दीड तास द्यावा लागला होता. त्यासाठी पन्नास माणसं फिरावी लागली असं समजू नका. पंचवीस हिरवे समोर गेले की लीड पन्नासने उतरतं. तुमच्या कॉलनीत, भिशीत, निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर तुमच्यासारखे पंचवीस जण नाहीत असं मला सांगू नका.

मात्र एक सांगतो, कारण मी हे फार जणांत पाहिलं आहे. एका पक्षावरून उठलेला माणूस त्याच आवेगात दुसऱ्या पक्षाच्या मांडीवर जाऊन बसतो. आठ दिवसांत नवे फॉरवर्ड, नवे शत्रू, जुन्या मैत्रिणीशी अबोला. तिकडच्या यादीत हिरवी रेघ, एवढंच होतं. तुम्हाला पक्ष बदलायचा नाही, पेन्सिलीत यायचं आहे. आमदारकीला एकाला, जिल्हा परिषदेला दुसऱ्याला, ग्रामपंचायतीत तर पक्षाचं चिन्हच नसतं, तिथे माणूस बघून. 'सगळे सारखेच' हे मला पटत नाही. दिल्ली-मुंबईकडे बघून सारखे वाटतात. तालुक्यात उतरलं की ट्रान्सफॉर्मर जळल्यावर कुणाचा फोन लागतो आणि कुणाचा नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

वयामुळे एक व्यवहाराची सूचना. चिन्हाच्या ओळखीवर विसंबू नका. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात पराभवाचा फरक ३२ हजारांच्या घरात होता आणि 'पिपाणी' चिन्हावरच्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. तुतारी वाजवणारा माणूस, म्हणजे शरद पवार गटाचं चिन्ह, शोधताना किती जणांचं बोट पिपाणीवर गेलं, याची चर्चा आमच्याकडे अजून चालते. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो. नाव वाचा, फोटो बघा, मग बटण, आणि व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते तीही बघून या. मागच्याने घाई केली तरी करू द्या.

आणि खरं काम मतदानाच्या दिवशी होत नाही, ते एबी फॉर्म निघण्याआधी होतं. माझ्या कडुलिंबाच्या गोष्टीतून मी एवढंच शिकलो. निवडणुकीच्या दोन-तीन महिने आधी पक्षाचे निरीक्षक तालुक्याला येतात, विश्रामगृहावर इच्छुकांच्या मुलाखती होतात. तिथे इच्छुकांचे समर्थक गाड्या भरून जातात, मतदार कुणी जात नाही. आठ-दहा निवृत्त शिक्षिका पत्र घेऊन गेल्या, 'आम्ही इतकी वर्षं मत देतोय, अमक्याला तिकीट दिलंत तर देणार नाही', तर तो निरीक्षक दचकेल. त्याला ही भाषा ऐकायची सवय नाही. दुसरं, सर्वेक्षणाचे फोन. पक्ष खासगी संस्थांकडून सर्व्हे करून घेतात. हक्काचा मतदार फोनवर अभिमानाने सांगतो, 'आमचं ठरलेलं असतं हो.' झालं, तुम्ही स्वतःच्या हाताने हिरवी रेघ ओढलीत. 'अजून ठरलं नाही, उमेदवार बघून' असं सांगा. खोटं बोलायचं नाही, तुमचं खरंच ठरलेलं नाही आता.

उमेदवाराचं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं: मालमत्ता, कर्ज, गुन्हे. तोच माणूस मागच्या वेळी उभा असेल तर दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवा. तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत, दहा मिनिटांत काय ते कळेल. गुन्हे असलेल्याला तिकीट दिलं तर का दिलं, हे पक्षाने अठ्ठेचाळीस तासांत वर्तमानपत्रात छापायचं असतं, असा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालत नाही असंही त्यात म्हटलं आहे. छापलेली कारणं वाचा, करमणूकही होते.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की मी निष्ठेच्याच विरुद्ध आहे. तसं नाही. आमच्याकडून तासाभरावर सांगोला आहे. तिथे गणपतराव देशमुखांना लोकांनी शेतकरी कामगार पक्षाच्या खटारा या चिन्हावर अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. मुंबईत त्यांच्या पक्षाला कुणी विचारत नव्हतं त्या काळातही. ती निष्ठा दोन्ही बाजूंनी होती, आमदार एसटीने फिरायचा आणि लोकांना दारात सापडायचा. ते थांबले, आणि २०१९ ला शेकापची ती जागा ७६८ मतांनी गेली. सातशे अडुसष्ट! जिंकलेले आमदार पुढे गुवाहाटीत 'काय झाडी, काय डोंगर, काय हाटील' म्हणून देशभर गाजले. २०२४ ला सांगोल्याने जागा परत शेकापला दिली. तिथल्या म्हाताऱ्यांना मी निष्ठा सोडा असं सांगायला जाणार नाही. ती कुणाला द्यायची, हे त्यांना कळत होतं.

तुम्हाला कार्यकर्ता व्हायचं नाही, तिकीट मागायचं नाही. मग निष्ठावंत हे विशेषण तुमच्या काय कामाचं? ते आमच्यासारख्यांना लागायचं, नाराज झालो की चिकटवायला.

माझंच सांगतो. काम सोडल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीला आमच्या वॉर्डाची यादी माझ्याच हाताखाली तयार झालेल्या एका पोराकडे होती. चिठ्ठी द्यायला आला तेव्हा सहज म्हणाला, 'काका, आपलं काय, नेहमीचंच ना?' मी म्हणालो, 'बघू. उमेदवार काय म्हणतो ते ऐकू आधी.' तो हसला, त्याला चेष्टा वाटली. मी हसलो नाही. तसा त्याने खिशातून यादी काढली, दारातच भिंतीला टेकवून पान उलटलं आणि कानावरची पेन्सिल घेतली. सत्तावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते तिसऱ्या दिवशी झालं. संध्याकाळी सातला उमेदवार स्वतः आला, चप्पल बाहेर काढून आत बसला, बायकोने दिलेला चहा बशीत ओतून प्याला आणि म्हणाला, 'काका, गल्लीत काही अडचण?'